मेगापिक्सेलचं खूळ

कुणी नवा कॅमेरा किंवा नवा मोबाईल घेतला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. "किती मेगापिक्सेलचा?" पूर्वी मुलीला स्थळ सांगून आलं की आधी मुलाचा पगार विचारायचे, त्यातलाच हा प्रकार. मुलगा स्वभावाने कसा, घरात कोण कोण, काही व्यसन वगैरे आहे का, हे सगळं नंतर. आधी आकडा. आणि आकडा मोठा निघाला की पुढचं विचारायचं राहूनच जातं.

मला या प्रश्नाचा राग आहे. जुना राग आहे, साचलेला आहे, आणि आज तो इथे मोकळा करणार आहे. ज्यांनी नुकताच २०० मेगापिक्सेलचा फोन हप्त्यांवर घेतलाय त्यांनी हलकेच घ्यावं. (आमचे भाऊजी हे वाचणार आहेत. भाऊजी, तुमच्याबद्दलच आहे. :) )

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत ताटकळत बसायला नको. तुमच्या-माझ्यासारख्या माणसाला १२ मेगापिक्सेल पुरतात. धंदा म्हणून लग्नाचे फोटो काढणाऱ्याला २४ पुरून उरतात. त्याच्या पुढचे पिक्सेल खरोखर लागतात अशी माणसं आहेत, नाही असं नाही, पण ती हा प्रश्न दुसऱ्याला विचारत फिरत नाहीत. त्यांना त्यांचं गणित माहीत असतं.

तर गणितच करू. भिऊ नका, चौथीचं आहे.

एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. स्टुडिओतून आपण नेहमी जो फोटो धुऊन आणायचो तो ४ बाय ६ इंचाचा. चांगल्या छपाईसाठी एका इंचात ३०० ठिपके असावेत असं छपाईवाले सांगतात. म्हणजे १२०० गुणिले १८००, झाले २१ लाख ६० हजार. सव्वादोन मेगापिक्सेलसुद्धा नाहीत! लांबी-रुंदी दोन्ही दुप्पट करून ८ बाय १२ चा, फ्रेम करून भिंतीवर लावायचा फोटो घेतला तर लागतात ८६ लाख. फुल एचडी टीव्हीच्या पडद्यावर मिळून ठिपके असतात २१ लाखांच्या आत, आणि दुकानदार छाती फुगवून जो फोर-के टीव्ही दाखवतो त्याच्यावर ८३ लाख. तुमच्या ५० मेगापिक्सेलच्या फोटोत पाच कोटी ठिपके आहेत. तो त्या फोर-के टीव्हीवर लावला की टीव्ही आधी त्याला ८३ लाखांच्या मापात बसवतो, मगच दाखवतो. उरलेल्या चार कोटी ठिपक्यांचं दर्शन कुणालाच होत नाही.

थिएटरचं बघा. डिजिटल सिनेमातला टू-के म्हणजे २०४८ बाय १०८०, पुन्हा २२ लाखच. एवढ्या ठिपक्यांवर आपण तीनशे रुपयांचं तिकीट आणि दोनशेचं पॉपकॉर्न घेऊन अडीच तास खूश असतो. २०१२ साली आलेला जेम्स बाँडचा 'स्कायफॉल' रॉजर डीकिन्सने अ‍ॅरी कंपनीच्या अलेक्सा कॅमेऱ्यावर चित्रित केला. त्या कॅमेऱ्याची चौकट रुंदीत २,८०० पिक्सेलच्या आसपासची, म्हणजे सगळी मिळून पाच मेगापिक्सेलच्या आत. सिनेमा आयमॅक्सच्या भल्यामोठ्या पडद्यावरही दाखवला गेला आणि छायाचित्रणाला ऑस्करचं नामांकन मिळालं. आमच्या घरातल्या वाढदिवसाच्या केकला मात्र पन्नास मेगापिक्सेल लागतात.

हे झालं पडद्याचं आणि कागदाचं. आता खरा मुद्दा, आणि तो कुठल्याच जाहिरातीत येत नाही. बघणाऱ्याचा डोळा किती बघू शकतो?

डोळ्यांच्या डॉक्टरकडे भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो. सहा मीटरवरून ६/६ ची ओळ वाचता आली की नजर चांगली म्हणतात. त्या ओळीतलं अक्षर पावणेनऊ मिलिमीटर उंच असतं आणि अक्षराची रेघ त्याच्या पाचव्या हिश्शाइतकी जाड. म्हणजे सहा मीटरवरून पावणेदोन मिलिमीटरपर्यंतचा बारकावा चांगल्या डोळ्याला टिपता येतो, त्याहून बारीक असेल ते एकमेकांत मिसळून जातं. यातून हाताशी एक सोपा नियम येतो: जितक्या अंतरावरून बघता, त्याच्या साडेतीन हजाराव्या भागाहून बारीक ठिपका सुटा दिसत नाही. पुस्तक धरतो तसं ३५ सेंटिमीटरवर धरलं तर हे येतं मिलिमीटरचा दहावा भाग. एका इंचात अडीचशे ठिपके. छपाईवाल्यांचा तीनशेचा आकडा इथलाच आहे, थोडा हात राखून सांगितलेला.

आता मोठा फोटो बघताना आपण काय करतो? मागे सरकतो. सगळा फोटो एका नजरेत मावावा म्हणून साधारण त्याच्या कर्णाइतक्या अंतरावर जाऊन उभे राहतो. (पुढच्या वेळी प्रदर्शनाला गेलात की फोटोंऐवजी थोडा वेळ लोकांचे पाय बघा.) अंतर कर्णाएवढं, आणि सुटा दिसणारा ठिपका अंतराच्या साडेतीन हजाराव्या भागाएवढा, म्हणजे कर्णावर ठिपके हवेत साडेतीन हजार. बस्स. फोटो आठ इंचाचा असो की आठ फुटांचा, कर्णावर साडेतीन हजारच! कॅमेऱ्याच्या नेहमीच्या ३:२ च्या चौकटीत हे बसवलं की येतात २,९०० बाय १,९४०, म्हणजे साडेपाच मेगापिक्सेलच्या जरा वर. विशीतल्या पोरांची नजर याहून तीक्ष्ण असू शकते, म्हणून लांबी-रुंदी दोन्हीकडे दीडपट धरू. साडेबाराच्या आसपास. माझा बाराचा आकडा इथून आलाय, मनाने काढलेला नाही. चाळिशीचा चष्मा लागलेल्यांनी तर आपल्या वाट्याचे साडेपाच घेऊन गप्प बसावं. मी बसलोय.

फोटो जितका मोठा तितके पिक्सेल जास्त लागतात, ही समजूत इथे पार आडवी होते. चौकातला २० बाय १० फुटांचा फ्लेक्स घ्या. भावी नगरसेवकांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, खाली तीस चेहरे. हा फ्लेक्स आपण रस्त्याच्या पलीकडून, समजा पन्नास फुटांवरून बघतो. पन्नास फुटांचा साडेतीन हजारावा भाग काढा, सव्वाचार मिलिमीटरच्या थोडा वर येतो. एवढाले ठिपके वीस फुटांत मावतात चौदाशे, दहा फुटांत सातशे. गुणाकार करून बघा. दहा लाखांच्या आत. एक मेगापिक्सेल! साहेबांचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला असतो आणि फ्लेक्सवाला तो बिनदिक्कत लावतो, कारण त्याला धंद्याने शिकवलंय की चालतं. जवळ जाऊन नाक लावलंत तर ठिपके दिसतील, पण साहेबांच्या फोटोला नाक लावायला कोण जातं? (कार्यकर्ते सोडून.)

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "पण झूम करून बघितलं की फरक कळतो ना!" कळतो. मान्य. पण झूम करून बघतो कोण? फोटो ज्याला दाखवायचा तो कधीच बघत नाही. बघतो तो काढणारा, आणि तोही कॅमेरा नवा असतानाचे पहिले पंधरा दिवस, पापणीचे केस मोजायला. सोळाव्या दिवशी त्याच्या लक्षात येतं की त्या पापणीखालच्या डोळ्यात काही नाही, माणूस नुसता कॅमेऱ्याकडे बघत उभा आहे आणि मागून झाड डोक्यात घुसलंय.

आणखी एक गोष्ट आकड्यांच्या या बाजारात कुणी सांगत नाही. मेगापिक्सेल हे क्षेत्रफळ आहे. १२ चे २४ झाले म्हणजे बारकावा दुप्पट झाला असं वाटतं, पण बाजू वाढते फक्त १.४ पटीने. तपशील खरोखर दुप्पट हवा असेल तर १२ वरून ४८ वर जायला हवं. २४ वरून ६१ वर उडी मारलीत तर पैसे अडीचपटीच्या हिशेबाने जातात आणि बारकावा वाढतो १.६ पटीच्याही आत. तोसुद्धा भिंग तितकं चांगलं असेल, फोकस अचूक बसला असेल आणि हात हलला नसेल तर. हातात धरलेला कॅमेरा थोडा तरी हलतोच, आणि मंद उजेडात शटर हळू पडलं की ते फोटोत उतरतं. हललेला फोटो ६१ मेगापिक्सेलने काढला तर तो ६१ मेगापिक्सेल इतका हललेला निघतो.

मोबाईलची गोष्ट याहून मजेदार आहे. सॅमसंगचा २०२३ चा एस२३ अल्ट्रा घ्या, २०० मेगापिक्सेलचा. वीस कोटी पिक्सेल नखाएवढ्या सेन्सरवर बसवायचे म्हणून एकेक पिक्सेल केलाय ०.६ मायक्रॉनचा. हिरव्या प्रकाशाची लहर असते ०.५५ मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे पिक्सेल जवळजवळ प्रकाशाच्या लहरीएवढाच! त्यात भिंग कितीही निर्दोष घासलं तरी प्रकाशाचा बिंदू बिंदू राहत नाही, त्याची छोटी चकती होते. हे जॉर्ज एअरीने १८३५ सालीच मांडून ठेवलंय, यात कंपनीचा काही दोष नाही. एफ/१.७ च्या भिंगाला ती चकती येते सुमारे २.३ मायक्रॉनची. एका बिंदूचा उजेड जवळजवळ चार घरं ओलांडून सांडतोय, आणि आपण घरं मोजून खूश.

कंपनीला हे माहीत नाही असं समजू नका. म्हणूनच तो फोन, तुम्ही मुद्दाम काही बदललं नाहीत तर, सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून साडेबारा कोटी... छे, सवा कोटींचा, म्हणजे बारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. १०८ वाले नऊ-नऊ एकत्र करून बाराचा देतात, ४८ वाले चार-चार एकत्र करून. सगळे फिरून बारावरच! कमी उजेडात या एकत्र करण्याचा फायदा होतो, ते उत्तम तंत्र आहे. भर उन्हात फोन कशाला तरी टेकवून पूर्ण २०० मध्ये काढलात तर थोडा जास्त बारकावाही निघतो. पण रोजच्या फोटोला कारखान्यातल्या इंजिनियरांनी जे ठरवलंय ते माझ्याच बाजूचं आहे. विरुद्ध आहेत ते फक्त जाहिरातवाले. आणि पिक्सेल कमी पडले की हल्ली सॉफ्टवेअर ते मनाने भरतं. २०२३ च्या मार्चमध्ये इंटरनेटवर एकाने चंद्राचा फोटो मुद्दाम लहान आणि धूसर करून संगणकाच्या पडद्यावर लावला आणि अंधाऱ्या खोलीत लांबून फोनने टिपला. फोनने त्या धूसर गोळ्यावर खड्डे-डोंगर काढून दिले. पडद्यावर ते नव्हतेच.

"बरं, नाही लागत. पण असले जास्त तर बिघडलं कुठे?" हे भाऊजींचं वाक्य. बिघडतं, भाऊजी.

गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला बंद झाली, तेव्हापासून फुकट १५ जीबीत फोटो, ईमेल, सगळंच मावायला हवं. बारा मेगापिक्सेलचा फोटो चारेक एमबीचा धरला तर त्यात पावणेचार हजार मावतात. पन्नासचा पंधरा एमबीचा धरला तर हजार. एका दिवाळीत आणि एका बारशात हजार होतात! मग फोन 'स्टोरेज फुल' म्हणून ओरडायला लागतो, आणि आपली माणसं जे करतात ते करतात. सगळे सिलेक्ट, डिलीट.

आमच्या मोठ्या काकांच्या पंचाहत्तरीला चुलतभावाने नव्या फोनवर दोनेकशे फोटो काढले होते. सगळे 'फुल रिझोल्युशन' मध्ये, ते त्याने तेव्हाच चार वेळा सांगितलं होतं. सहा महिन्यांनी फोन भरला, फोटो उडवले. संगणकावर उतरवून ठेवायचे होते, राहिलं. पुढच्याच वर्षी काका गेले. दिवसकार्याला लावायला फोटो शोधायची वेळ आली तेव्हा मूळ फोटो कुठेच नव्हता. होते ते फॅमिली ग्रुपवर टाकलेले पाच-सहा. व्हॉट्सअ‍ॅप नेहमीच्या पद्धतीने फोटो बारीक करून पाठवतं, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलची उरते. (एचडीची सोय २०२३ मध्ये आली, आणि ती आमच्याकडे कुणी वापरत नाही.) त्यातलाच एक, काका पानाचा डबा उघडून हसतायत तो, मी स्टुडिओत देऊन ८ बाय १२ चा करून आणला. दोन मेगापिक्सेलच्याही आतला फोटो. आज काकूंच्या हॉलमध्ये आहे. येणारा प्रत्येक माणूस म्हणतो, अगदी बोलतील असं वाटतं. एकानेही आजवर मेगापिक्सेल विचारलेले नाहीत. मोठा होता म्हणून जो उडवला गेला त्याचं नाव 'ओरिजिनल', आणि लहान म्हणून जो टिकला तो भिंतीवर.

आता ताईच्या मुलाकडे येतो, कारण तिथे खरे पैसे गुंतलेत. भाचा मिरजेत लग्नाच्या फोटोंचा धंदा सुरू करतोय. पोरगा कष्टाळू आहे, माणसांत मिसळणारा आहे, दोन वर्षं एका फोटोग्राफरच्या हाताखाली काम केलंय. त्याने ठरवलीय ६१ मेगापिक्सेलची बॉडी, अडीच-तीन लाखांच्या घरातली, आणि त्यासाठी ताई एफडी मोडायला निघाली आहे. भिंग? "सध्या मित्राचं किट लेन्स आहे मामा, ते लावतो." फ्लॅश? "एक आहे." दुसरी बॉडी? "पुढच्या सीझनला बघू." वर, "मामा, क्लायंट मेगापिक्सेल विचारतात हो."

फोनवर मी हे सगळं बोललो आहेच, पण ताई म्हणाली, "तू बोलतोस फार भरभर, लिहून दे." घे लिहून.

लग्नाचा अल्बम असतो १२ बाय ३६ इंचाचा, उघडल्यावर. एक पान १२ बाय १८. अख्ख्या पानभर एकच फोटो लावला तर २४ मेगापिक्सेलचे ६००० पिक्सेल १८ इंचांत बसतात, इंचाला ३३३. छपाईवाल्याने मागितले त्याहून जास्त. दोन्ही पानं मिळून एकच आडवा फोटो लावायची फॅशन आहे, त्यात तो वरून-खालून कापला जातो आणि इंचाला १६७ उरतात. मांडीवर ठेवून दीड फुटावरून बघताना डोळ्याला दिसू शकतात सुमारे १९०, म्हणजे थोडे कमी पडले. खरं ते सांगतो, इथे ६१ वाला कागदावर जिंकतो. पण अशी पानं अल्बममध्ये दोन किंवा तीन असतात, आणि त्यावर नवरा-नवरी सूर्यास्ताकडे पाठमोरे चालत असतात. त्या सूर्यास्तात मोजण्यासारखं काही नसतं.

आता मंगल कार्यालयात ये. उजेड म्हणजे वर पिवळे दिवे, मागे व्हिडिओवाल्याचा पांढरा झगझगीत एलईडी, स्टेजच्या कडेला जांभळं डेकोरेशन. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट बाजूला होतो, अक्षता उडतात, हार वर जातात. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. त्या दोन सेकंदांत किट लेन्सचं छिद्र लांब टोकाला एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. ५० मिलिमीटर एफ/१.८ चं साधं भिंग, जे दहा-पंधरा हजारांत येतं, त्याच्यातून याच्या नऊ-दहापट उजेड आत येतो. दहापट! तोच फोटो साठाव्या भागाच्या सेकंदाऐवजी पाचशेव्या-सहाशेव्या भागात निघतो. हार हवेत थांबलेला दिसतो, हात हललेले दिसत नाहीत, नवरीच्या डोळ्यांत फोकस राहतो. यातलं काहीही पिक्सेलनी होत नाही.

आणि त्याच क्षणी शटर अडकलं तर? लग्न पुन्हा लावता येत नाही. एकच बॉडी घेऊन लग्नाला जाणारा फोटोग्राफर मला दोरी न बांधता विहिरीत उतरणाऱ्यासारखा वाटतो. २४ मेगापिक्सेलच्या दोन जुन्या, चांगल्या वापरलेल्या बॉड्या, दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो उतरवणाऱ्या. एक ५० चं आणि एक ८५ चं भिंग. दोन फ्लॅश, ट्रिगर, एक पांढरी छत्री, भरपूर बॅटऱ्या. हे सगळं त्या एका बॉडीच्या पैशांत, माझ्या हिशेबाने, बसतं आणि वर काही उरतं. उरलेल्यात हार्ड डिस्क. ६१ वाल्याची एकेक रॉ फाईल साठ एमबीच्या घरात, २४ वाल्याची पंचवीसच्या. एका लग्नाचे तीन हजार फोटो धरले तर १८० जीबी विरुद्ध ७५. दोन प्रती ठेवायच्या (ठेवायच्याच!) तर दुप्पट. सीझनमध्ये पंचवीस लग्नं मिळाली, मिळोत, तर गुणाकार तूच कर आणि तुझा लॅपटॉप त्या फाईली उघडायला किती वेळ घेतो तेही बघ.

राहिलं क्लायंटचं. क्लायंट मेगापिक्सेल विचारतो कारण त्याला दुसरं काय विचारावं ते माहीत नसतं. त्याच्या हातात छापलेला अल्बम दे. अल्बम हातात असताना कुणी आकडे विचारत नाही.

मघाशी म्हटलं की काहींना जास्त पिक्सेल खरोखर लागतात, त्यांच्यावर अन्याय नको. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला जाणाऱ्यांना पक्षी कधीच पुरेसा जवळ मिळत नाही, फोटो कापावा लागतो. आणि कापणं महाग असतं: मधला अर्धा भाग ठेवला, म्हणजे लांबी-रुंदी दोन्ही निम्मी, की पाऊण पिक्सेल गेले, २४ चे ६ राहिले. तिथे ४५ असले तर उपयोग आहे. (पण दुपारी बारा वाजता पाण्यावरची तापलेली हवा अशी लवलवत असते की लाखाचं भिंगही हतबल होतं. पहाटे उठणं हे त्यावरचं सगळ्यात स्वस्त औषध.) जुन्या कागदांचे फोटो काढणाऱ्यांनाही हवेत. मोडीचा ए-थ्री आकाराचा कागद इंचाला ४०० ठिपक्यांनी टिपायचा तर ३१ मेगापिक्सेल लागतात, आणि तिथे झूम करून बघणं हेच काम असतं, कारण पुसट झालेली एक रेघ वाचता आली नाही तर अक्षर बदलतं. चित्रांच्या प्रतिकृती काढणारे, कापडाच्या जाहिराती करणारे, तेही त्यातच. त्यांनी खुशाल शंभर घ्यावेत, माझी हरकत नाही.

बाकीच्यांसाठी घरातला जुना अल्बम आहे. आमच्याकडे 'आग्फा क्लिक थ्री' होता, तुमच्याकडेही असेल. साध्या भिंगाचा, फोकस न करायचा, १२० च्या रोलवर बारा फोटो काढणारा. निगेटिव्ह चांगली सहा सेंटिमीटर चौरस, पण भिंग असं की कडा मऊच येणार. आजीचा आडावर कळशी घेऊन उभी असलेला फोटो त्यावरचा आहे. स्कॅन करून कितीही मोठा केला तरी दोन-तीन मेगापिक्सेलच्या पलीकडे त्यात बारकावा नाही. लुगड्याचे काठ कोणत्या रंगाचे यावर मात्र आत्या आणि आई अजून भांडतात, आणि फोटो कृष्णधवल आहे.

एवढं वाचूनही ज्यांचं समाधान झालं नसेल (भाऊजी!) त्यांच्यासाठी एक काम. तुमच्या आवडीचा एक फोटो घ्या, चांगला, न हललेला, २४ मेगापिक्सेलचा. संगणकावर त्याच्या आणखी दोन प्रती करा, एक १२ ची आणि एक ६ ची. तिन्ही स्टुडिओत देऊन ८ बाय १२ मध्ये एकाच कागदावर, एकाच मशीनवर छापून घ्या, मागे पेन्सिलीने १, २, ३ लिहा आणि कोणता कुठला ते चिठ्ठीवर लिहून दुसऱ्याकडे द्या. मग फोटो पिसा आणि चढत्या क्रमाने लावून दाखवा. हातभर लांब धरून बघायचे, भिंग लावायचं नाही. छपाईचे पैसे मी देतो, आणि ज्याने पाचपैकी चार वेळा बरोबर लावले त्याला बेडेकरांची मिसळ माझ्याकडून.